झोपायला या म्हणालात, मावशी

तीर्थरूप मावशी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर येईल. ओटीवर बसून ती तुम्हाला ते मोठ्यानं वाचून दाखवेल, तसं तिनं मला कबूल केलंय. डिसेंबरात आम्ही बाराजणी दोन रात्री तुमच्या गावी राहून आलो, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि भाताचा विषय काढता, म्हणून लिहायला बसले. उघडपणे लिहितेय, कारण आमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी आधी आमच्याबद्दल सांगते. ठाण्यात आमचा एक छोटा गट आहे. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाचा नवरा स्मृतिभ्रंशानं आजारी आहे आणि आम्ही त्यांना घरी सांभाळतो. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना घरचंच कुणीतरी सांभाळतं आणि बऱ्याच घरांत ते कुणीतरी म्हणजे एकटी बाई असते. दिवस उजेडाचा असेपर्यंत निभतं. अंधारून आलं की आमच्या माणसांचा गोंधळ वाढतो. स्वतःच्याच घराच्या दाराशी उभी राहून माझी आई म्हणते, "मला घरी सोड गं." रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. सलग सहा तास झोप कधी झाली होती, हे आमच्यातल्या कुणालाच आठवत नव्हतं.

म्हणून कुठंतरी गावाकडं दोन रात्री शांत राहून यायचं ठरलं. इगतपुरीच्या विपश्यनेचं नाव निघालं, पण तिथं दहा दिवस आणि बाहेरच्यांशी बोलणं बंद. घरी आजारी माणूस ठेवून ते शक्य नव्हतं. उरुळीकांचनला गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, तिथं जायचीही इच्छा होती. पण आम्हाला दोनच रात्री मिळणार होत्या, त्यासुद्धा भावाला, नणंदेला, शेजारणीला गळ घालून. मग मला तुमची ओटी आठवली. भावाबरोबर भंडारदऱ्याला आले होते तेव्हा तुमच्याकडं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि हुलग्याचं कळण जेवले होते.

तुमच्याकडं यायच्या आधी मी एक कागद तयार केला होता. पहाटे साडेपाचला ओंकार, सहाला योगासनं, सातला कपालभाती, आठला फळांचा रस, मग व्याख्यान, चालणं, मौन, गटचर्चा, रात्री ध्यान. शिवाय ऑगस्ट महिना, कारण तेव्हा कळसूबाईची सगळी रांग हिरवीगार असते. तुम्ही तो कागद नातीकडून दोनदा वाचून घेतलात. मग मला विचारलंत, "ताई, ही माणसं रातची झोपत न्हाईत म्हणालात ना? मग ह्याच्यात झोपायचं कधी लिवलंय?"

मावशी, त्या प्रश्नापाशी मी रडले, हे तुम्ही पाहिलंत आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केलात. नंतर म्हणालात, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. झोपायला या."

त्या दिवसापासून सहलीचा सगळा आराखडा तुमच्या हाती गेला, आणि तोच टिकला. ऑगस्ट तुम्ही सरळ खोडलात. जुलै-ऑगस्टात तुमच्या भागात पाऊस म्हणजे काय, ते तुम्ही सांगितलंत: आवणीमुळं, म्हणजे भाताच्या लावणीमुळं, घरातली सगळी बायामाणसं चिखलात, अंथरुणं ओली, पायऱ्या निसरड्या, आणि आमच्यातल्या सात जणींचे गुडघे दुखरे. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, येऊ का विचारलं तर म्हणालात की तेव्हा शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, रात्रभर हॉर्न वाजतात. भाताची सोंगणी आणि झोडणी, म्हणजे कापणी-मळणी, उरकली की या, डिसेंबरात. खळं सारवलेलं असतं, माणसं मोकळी असतात आणि थंडीत झोप गाढ लागते.

खाण्याबद्दल तर मला स्वतःचीच भीती वाटली. पहिल्या दिवशी फक्त रस आणि फळं ठेवायची, पोट साफ होतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. तुम्ही विचारलंत, "साखरेच्या गोळ्या कितीजणी घेतात?" मी मोजलं. येणाऱ्या चौदाजणींपैकी पाच, त्यातली एक इन्सुलिनवर. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला तर रक्तातली साखर एकदम खाली येते, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं. हे मला माहीत असायला हवं होतं. मग तुम्ही जेवणाच्या वेळा ठरवल्यात आणि पाळल्यात: सकाळी आठला नागलीची आंबील, बाराला जेवण, संध्याकाळी साडेसातला जेवण. आमच्याबरोबर येणाऱ्या योगशिक्षिकेनं रक्तदाब असलेल्यांची यादी बघून कपालभातीही काढून टाकली.

सगळ्यात अवघड प्रश्न फोनचा होता, आणि तो तुम्ही ज्या तऱ्हेनं सोडवलात ते मी जन्मभर विसरणार नाही. शांत जागा हवी, पण घरून फोन आला तर तो लागायलाच हवा. नाहीतर आमच्यापैकी कुणीही निश्चिंत झोपणार नाही. तुमच्या घरात रेंज नव्हती. तुम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन नातवाला गावभर फिरवलंत. एकाला शाळेच्या पायरीवर रेंज मिळाली, दुसऱ्याला विहिरीपाशी, तिसऱ्याला कुठंच नाही. मग ठरवलंत की शाळेच्या पायरीलगतच्या खोलीत तुमचा मुलगा दोन्ही रात्री झोपेल, फोन त्याच्या उशाशी राहील, आणि आमच्या सगळ्या घरी तोच एक नंबर द्यायचा. जीपवाल्यालाही तुम्ही तिथंच मुक्कामाला ठेवलंत, म्हणजे कुणाला मध्यरात्री निघावं लागलंच तर घोटीपर्यंत अडायला नको.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हाही तुम्ही आमच्या घरांचा विचार केलात. आदल्या दिवशी कुणाचं माणूस जास्त आजारी पडलं तर तिनं पैसे द्यायचे नाहीत, मी बाजार आदल्या संध्याकाळीच करीन, असं म्हणालात. चौदा जणी येणार होत्या, आलो बारा. त्या दोघींना तुमचा निरोप मी शब्दशः सांगितला. त्यातली एक फोनवर बराच वेळ गप्प होती.

आणि मग आम्ही आलो. अंघोळीच्या पाण्यासाठी बंब एकच, म्हणून तुम्ही सकाळचं वेळापत्रक बंबावर बसवलंत: उठेल तिनं अंघोळ करायची, कुणीही कुणाला उठवायचं नाही. कार्यक्रम म्हणाल तर दिवसात एकच होता, खळ्यावर सतरंज्या अंथरून योगनिद्रा. कोवळ्या उन्हात शिक्षिका हळूहळू एकेका अवयवाचं नाव घेत होती. ती गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत निम्म्या जणी झोपल्या. तिनं आवाज आणखी खाली आणला आणि थांबली. तुम्ही घरातून गोधड्या आणून एकेकीच्या अंगावर घातल्यात. मी जागी होते, मावशी. मी पाहिलं ते.

पहिल्या रात्री आमच्यातली एक सवयीनं अडीचला उठली. नवऱ्याला बाथरूमला न्यायची ती वेळ. अंधारात तिला कळेना आपण कुठं आहोत, आणि ती ओटीवर येऊन बसली. तुम्ही चुलीत लाकूड सारलंत आणि तिच्या शेजारी बसलात. तुम्ही काय बोललात हे तिनं आम्हाला सांगितलेलं नाही. एवढंच सांगितलं की तुमच्या सासूबाईही शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या. त्यानंतर ती झोपली ती सकाळी साडेदहाला उठली. तुम्ही तिच्या वाटणीची आंबील चुलीच्या कडेला गरम ठेवली होती. हे लिहायची परवानगी तिनंच दिलीय.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आलाच. एकीचे यजमान घरी बिथरले होते, बायको कुठं गेली म्हणून सगळ्या खोल्या शोधत होते. तुमचा मुलगा धावत सांगायला आला. शाळेच्या पायरीवर बसून ती वीस मिनिटं त्यांच्याशी बोलली, त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या गोष्टी काढल्या, आणि ते शांत झाले. जीप तयार होती, पण लागली नाही. जीप दारात आहे हे माहीत असल्यामुळंच तिचा आवाज स्थिर राहिला, असं ती आम्हाला नंतर म्हणाली.

निघताना तुम्ही प्रत्येकीच्या हातात काळभाताची, तुमच्याकडच्या वासाच्या तांदळाची, पुरचुंडी दिलीत. तो भात मी आईला गुरगुट्या करून भरवला. वास आला तसं तिनं तोंड उघडलं; गेले कित्येक दिवस त्यासाठी मला विनवण्या कराव्या लागत होत्या.

आता एक विचारायचं होतं. सामान भरताना तुमच्या दोन गोधड्या आमच्या गाडीत आल्या. फेब्रुवारीत माझा भाऊ राजूरला येणार आहे. एक त्याच्याबरोबर धुऊन पाठवते. दुसरी निळ्या काठांची, जुन्या लुगड्याची आहे, ती आईनं घेतलीय. संध्याकाळी दाराशी जायच्या ऐवजी ती गोधडी मांडीवर घेते आणि तिचे टाके बोटांनी चाचपत बसते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती तिच्याकडं राहू द्याल का?

तुमची,
ठाण्याची ताई