संबळ ऐकू येऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी मंगळवार पेठेत राहतो, उद्यमनगरात लेथवर काम करतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण गेल्या शनिवारपासनं डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, की लोकसंगीताच्या कार्यक्रमात संबळ (गोंधळात कमरेला बांधून वाजवतात ती दोन वाद्यांची जोडी) ऐकूच येत नाही, आणि ही गोष्ट चार जणांच्या कानावर जावी असं मनापासनं वाटतंय.

आमच्या लई आवडीचा लोकसंगीताचा एक बँड आहे. नाव देत नाही कारण माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. गोंधळ, पोवाडा, भारूड, धनगरी ओव्या सगळं करतात, सात-आठ वर्षं झाली मी त्यांच्या मागं आहे, इचलकरंजी म्हणू नका सांगली म्हणू नका कराड म्हणू नका, कामावरनं सुटलो की गाडी काढायची आणि जायचं. ह्या वेळी कार्यक्रम कोल्हापुरातच होता म्हणून आईला घेऊन गेलतो. आई 72 वर्षांची, माहेर पन्हाळ्याच्या बाजूला, घरातल्या प्रत्येक लग्नानंतरचा गोंधळ तिनं दिवटी विझेपर्यंत जागून ऐकलेला. घरातनं निघताना भाचीला म्हणाली, आज संबळ ऐकून घे, कान उघडे ठेव.

पासवर वेळ साडेसहाची होती. आम्ही सहालाच जाऊन पाचव्या रांगेत खुर्च्या धरल्या. मग सत्कार सुरू झाले, शाल, फेटा, श्रीफळ, मनोगत, परत शाल, आणि पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आठ वाजून गेले होते. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, तो असायलाच पाहिजे, पण मग हे दीड तास कुणाचे गेले? आमचे आणि त्या कलाकारांचे.

बरं सुरू झालं ते असं की खालची प्लॅस्टिकची खुर्ची थरथरायला लागली. दोन्ही बाजूला माणसापेक्षा उंच बेस, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड फुल्ल, आणि त्या सगळ्याच्या आत कुठंतरी संबळ. संबळवाला दादा आमच्या अगदी समोर उभा होता. कमरेला जोडी बांधलेली, एक धाकटी एक थोरली, एका काडीचं टोक वाकडं, त्या वाकड्या काडीनं तो थोरलीवर घुमारा काढत होता, मनगट कसं फिरतंय ते दिसत होतं, घामानं झब्बा पाठीला चिकटलेला, आणि आवाज म्हणून आमच्यापर्यंत काही म्हणजे काही येत नव्हतं. मागं झील धरणारा, म्हणजे गाणाऱ्याला सुरात साथ देणारा, तुणतुण्यावर बोट मारत होता, ते तर नुसतं बघायचं. आई थोडा वेळ पुढं वाकून बसली, मग माझ्या कानात मोठ्यानं म्हणाली, "वाजवतोय व्हय रं त्यो, का नुसतं हात हलवतोय?" मला इतकं वाईट वाटलं. मागं वळून साउंडवाल्याकडं हात करून खुणा केल्या, पण तिथं अंधारात त्याला काय दिसणार.

नऊच्या सुमाराला जनरेटर बंद पडला. लाईट गेली, माईक गेले, सगळं एकदम गप्प. लोकांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या, काहीजण उठायलाही लागले. तेवढ्यात मुख्य गाणारे खाली उतरून पहिल्या रांगेच्या पुढं येऊन उभे राहिले, त्यांच्या मागनं संबळ आणि तुणतुणं, आणि पेटवलेली दिवटी हातात घेऊन एक पोरगा. त्यांनी तिथंच गोंधळाचं आवाहन सुरू केलं. तुळजापूरच्या भवानीला बोलावलं, जेजुरीच्या खंडोबाला बोलावलं, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला बोलावलं आणि मग कोल्हापूरच्या अंबाबाईचं नाव घेतल्याबरोबर मैदानातनं जो उदो उदो झाला, साहेब, अंगावर काटा आला माझ्या. आत्ता लिहितानाही येतोय. मागच्या रांगांतली माणसं चपला हातात घेऊन पुढं येऊन जमिनीवर बसली. कुणी कुणाला गप्प बसा म्हणालं नाही तरी बारकी पोरंसुद्धा गप्प. आणि संबळ! धाकटीचा कडक आवाज आणि त्याच्या खालनं थोरलीचा तो घुमणारा आवाज, दोन्ही वेगवेगळे कळत होते. तुणतुण्याची एक तार पाचव्या रांगेत स्वच्छ ऐकू येत होती, एकच तार बघा. आई उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून शेवटपर्यंत तशीच उभी. भाची मला म्हणाली, मामा हे मघाशी पण वाजत होतं का?

पंधरा-वीस मिनिटांनी लाईट आली. परत कलाकार वर, परत तोच दणका, आणि दहाला बंद.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं जाऊन संबळवाल्या दादांना भेटलो. ते जोडी कापडात गुंडाळत होते, हलगीवाला शेजारी बसून पाणी पीत होता. हवेत ओल होती म्हणून हलगी सुरू करायच्या आधी रद्दी पेटवून शेकून घेतली होती, त्याची राख तिथंच पडलेली. एवढं जपून कातडं ताणून घ्यायचं आणि तो आवाज लोकांपर्यंत जाऊच नये? मी विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, संबळला दोन तोंडं असतात, दोन माईक पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी एकच मिळतो आणि तपासायला वेळ मिळत नाही. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आपल्या गावात ह्या गोष्टी नवीन आहेत का? पिराजीराव सरनाईक आणि लहरी हैदर ह्यांच्या पोवाड्यांचं हे गाव. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 सालचं. त्या काळी माईक कुठला, गाणाऱ्याचा गळा आणि थिएटरची बांधणी ह्यावर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री ते जळताना बघायला मीपण खासबागेजवळ उभा होतो, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव थिएटरला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती, आजूबाजूला मोठी मोठी माणसं रडत होती. एका थिएटरसाठी रडणारं हे गाव आहे, म्हणून तर संबळचा आवाज असा दाबला गेलेला सहन होत नाही.

आयोजकांना हात जोडून विनंती आहे. लोकसंगीताच्या कार्यक्रमाला लग्नाच्या वरातीची सिस्टीम लावू नका. संबळ, हलगी, तुणतुणं, दिमडी ह्यांचे माईक आधी तपासा, लोक यायच्या आत तासभर कलाकारांना द्या, कीबोर्डचा आवाज त्यांच्या आवाजाखाली ठेवा. सत्कार दोन मिनिटांत उरका, नाहीतर मध्यंतरात करा. आणि जमलं तर प्रत्येक कार्यक्रमात एक गोंधळ तरी बिनमाईकचा होऊ द्या, दिवटीच्या उजेडात, लोकांना पुढं जमिनीवर बसवून. आपल्या पेपरनं हा विषय उचलून धरावा एवढीच अपेक्षा.

घरी परत येताना आई गाडीवर मागं बसून मांडीवर बोटांनी ठेका धरत होती. भाचीनं तो ठेका घरी ताटावर वाजवून बघितला, जमला नाही, तर आजीनं तिचा हात धरून दाखवला, रात्री साडेअकराला.

आपला,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर