एसटी स्थानकांत महिलांसाठी कॅप्सूल निवास हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एसटीच्या गाड्यांत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. कोणत्याही मोठ्या स्थानकावर रात्री नऊनंतर थोडा वेळ उभे राहिले, तर एकट्याने लांबच्या प्रवासाला निघालेल्या किती तरी जणी दिसतात : कुणी स्पर्धा परीक्षेला, कुणी मुलाखतीला, कुणी कोर्टाच्या तारखेला, तर कुणी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दाखल असलेल्या आईकडे. तिकीट अर्ध्यावर आले, हे चांगलेच झाले. परंतु गाडीतून उतरल्यावर या बाईने रात्र कुठे काढायची, या प्रश्नाला अजून कोणी नीट हात घातलेला नाही. स्थानकांतच महिलांसाठी कॅप्सूल निवास, म्हणजे एकीला झोपण्यापुरते एकावर एक रचलेले कप्पे असावेत, हे सुचवण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

माझे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात आहे आणि मी पुण्यात जपानी भाषेच्या दुभाषाचे काम करते. दोन्हींमुळे प्रवास सतत घडतो. मराठवाड्यातून निघालेल्या रातराणी गाड्या बहुधा उजाडण्याच्या बऱ्याच आधी पुण्यात पोचतात. परीक्षा किंवा मुलाखत असते दहा-अकराला. मधल्या वेळात मुलगी बाकावर पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून बसते. डोळा लागू नये म्हणून दोनदा चहा घेते आणि स्वच्छतागृहात जायचे झाले, तर पिशवी सांभाळायला कुणा अनोळखी बाईला विनवते. रात्रभर न झोपलेली ही मुलगी पुढे तीन तासांचा पेपर लिहिते आणि तिची बरोबरी होते त्याच शहरात घरी झोपून आलेल्या उमेदवाराशी.

लॉजचा पर्याय आहे, असे कोणी म्हणेल. त्याचा अनुभव एकट्याने फिरणाऱ्या अनेकींना असेल. एका जिल्ह्याच्या गावी कामासाठी गेले असता, आधार कार्ड पुढे केल्यावरही व्यवस्थापकाने माझ्या मागे कोणी आहे का हे पाहिले, नोंदवही मिटली आणि ‘एकट्या लेडीजला रूम देत नाही’ एवढेच सांगितले. असे नाकारायला कोणत्या कायद्याचा आधार आहे, हे विचारण्याचे बळ रात्री साडेदहाला अंगात नसते. जिथे खोली मिळते, तिथे कडी नीट लागते का, खिडकीची फट कुठे उघडते, हे तपासण्यात अर्धी रात्र जाते.

टोकियोत अकिहाबारा भागात केवळ महिलांसाठी असलेल्या कॅप्सूल निवासात मी राहिले आहे. तिथली व्यवस्था तपशिलाने सांगावीशी वाटते, कारण तिच्यात महागडे असे जवळजवळ काहीच नाही. दारातच चपला-बूट छोट्या कप्प्यात ठेवून किल्ली स्वागतकक्षात द्यायची. बदल्यात एक पिशवी मिळते, त्यात रात्रीचे सैलसर सुती कपडे, दोन टॉवेल आणि दात घासायचा ब्रश. कार्ड लावल्याशिवाय उद्वाहन वर जात नाही. झोपण्याच्या मजल्यावर एकावर एक अशा दोन ओळींत कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे दोन मीटर लांब, एक मीटरच्या आसपास रुंद आणि आत मांडी घालून ताठ बसता येईल इतका उंच. उशाशी दिवा कमीजास्त करण्याचे बटण, फोन चार्ज करायला प्लग, चष्मा ठेवायला फळी आणि हवा खेळती राहण्यासाठी झडप. सामानासाठी उंच, अरुंद लॉकर वेगळ्या खोलीत असतात. मोठी बॅग त्यात मावत नाही, ती खाली साखळीने अडकवून ठेवतात. झोपण्याच्या मजल्यावर खाणे आणि फोनवर बोलणे वर्ज्य. त्यासाठी बाहेर बैठकीची खोली आहे, आणि हा नियम कोणी कुणाला सांगावा लागत नाही.

कप्प्याला कुलूप नसते, केवळ पडदा असतो, कारण आग लागल्यास प्रत्येकीला तत्काळ बाहेर पडता आले पाहिजे. मला वाटते, या प्रकारच्या निवासाचे मर्म याच गोष्टीत आहे. पडद्याआड निर्धास्त झोपायचे, तर सुरक्षा इमारतीच्या दाराशी आणि जिन्याशी असावी लागते. प्रत्येक बाईने आपापल्या कडीची काळजी वाहायची गरज उरत नाही. म्हणूनच असे निवास केवळ महिलांसाठी असण्याला अर्थ आहे. शेजारच्या कप्प्यात कोण आहे याचा विचार डोक्यातून पूर्ण निघून गेल्यावरच गाढ झोप लागते, आणि प्रवासात बाईला सहसा न मिळणारी गोष्ट तीच आहे. गैरसोयी अर्थातच आहेत. शेजारणीचे घोरणे ऐकू येते, पहाटे कुणाच्या प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ झोप मोडते, गुडघे दुखणाऱ्या बाईला वरच्या कप्प्याची शिडी जड जाते आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना हा प्रकार मानवणार नाही. एका रात्रीसाठी बहुतेक जणींना त्या चालण्यासारख्या आहेत.

या निवासांचा इतिहासही आपल्याला उपयोगी आहे. पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकातील उमेदा भागात सुरू झाले. त्याची रचना वास्तुविशारद किशो कुरोकावा यांची होती. डोळ्यांपुढे ग्राहक होता तो उशिरापर्यंत काम करून शेवटची लोकल चुकलेला नोकरदार पुरुष. त्यामुळे पुढची अनेक वर्षे बहुतेक कॅप्सूल हॉटेले फक्त पुरुषांना घेत. महिलांसाठी स्वतंत्र मजले आणि मग स्वतंत्र इमारती पुष्कळ उशिरा आल्या. आपण तरी तो क्रम उलटा करावा. ज्यांची गरज जास्त, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

महाराष्ट्रात ही कल्पना आलीच नाही असे नाही. मुंबई सेंट्रल स्थानकात १७ नोव्हेंबर २०२१ रोजी भारतीय रेल्वेचे पहिले पॉड हॉटेल, म्हणजे अशाच कप्प्यांचे हॉटेल, सुरू झाले. तेथील ४८ पॉडपैकी ७ महिलांसाठी राखीव ठेवण्यात आले आणि बारा तासांचा सुरुवातीचा दर ९९९ रुपये होता. उपक्रम स्वागतार्हच, परंतु अर्ध्या तिकिटावर परीक्षेला आलेल्या मुलीला हा दर परवडणारा नाही आणि मुंबईत उतरणाऱ्या महिलांची संख्या पाहता सात हा आकडा फारच अपुरा आहे. नोकरदार महिलांची वसतिगृहे आहेत, त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. एका रात्रीच्या पाहुणीला तिथे जागा नाही.

याबाबत केरळचे उदाहरण आपल्या शासनाने जरूर पाहावे. तिरुवनंतपुरममधील तंपानूर येथे बस टर्मिनलच्या इमारतीतच राज्य सरकारने ‘एन्टे कूडु’ नावाचा रात्रनिवारा चालवला आहे, तिथे एकट्या आलेल्या महिलांना आणि त्यांच्यासोबतच्या लहान मुलांना रात्री विनामूल्य राहता येते. निवारा बसस्थानकातच असणे फार महत्त्वाचे आहे, कारण रात्री रिक्षा शोधण्यापासूनच खरी भीती सुरू होते. परगावी आलेल्या गरिबाला डोके टेकायला जागा हवी, ही गरज महाराष्ट्रानेही पूर्वी ओळखली होती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या याच जाणिवेतून.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, फलटणला जाण्यासाठी आलेल्या तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला. त्यानंतर सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही आणि आवारातल्या बंद गाड्या यांवर पुष्कळ चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र रात्रीच्या आणि पहाटेच्या वेळी स्थानकात थांबलेल्या बाईला उजेडातली, दाराशी महिला कर्मचारी असलेली, हक्काने जाऊन बसता-झोपता येईल अशी जागा असावी, हा मुद्दा त्या चर्चेत मागेच राहिला. पाळतीचे कॅमेरे घडून गेलेले दाखवतात. अशी जागा मुळात तिला एकटे पडू देत नाही.

माझी मागणी परिवहन विभाग आणि एसटी महामंडळ यांच्याकडे आहे. महामंडळाकडे शहरांच्या मध्यभागी मोठ्या जागा आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा विकास खासगी भागीदारीतून करण्याचे धोरण आहे. नव्या इमारतीत दुकानांचे गाळे काढताना प्रत्येक जिल्हा स्थानकात एक मजला, निदान एक दालन, महिलांच्या कॅप्सूल निवासासाठी करारातच राखून ठेवावे. पुण्याचे शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवण्यात आले. मूळ जागेवरील इमारतीच्या आराखड्यात ही सोय घातली, तर राज्याला एक नमुना मिळेल. जपानची नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्याकडे खालच्या ओळीतले काही कप्पे रुंद हवेत, म्हणजे मूल बरोबर असलेल्या आईला आणि वयस्क बाईला ते वापरता येतील. वीज गेली तरी पंखे आणि दिवे चालू राहतील अशी पर्यायी सोय हवी, कारण आपल्या उन्हाळ्यात बंद कप्प्यात हवा नसणे धोक्याचे आहे. अग्निशमन विभागाची तपासणी दरवर्षी व्हावी आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग असावेत. आकारणी तीन तास, सहा तास आणि पूर्ण रात्र अशी असावी. पहाटे चारला उतरलेल्या मुलीला सातपर्यंतच झोपायचे असते, तिच्याकडून बारा तासांचे पैसे घेऊ नयेत. त्या दिवशीचे परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा रुग्णालयाचा केसपेपर दाखवणाऱ्या महिलांना दरात सवलत द्यावी. ओळखपत्र जरूर तपासावे. सोबत कोण आहे आणि एकटी का आलीस, हे विचारण्यास मनाई असावी.

सर्वात अवघड भाग उभारणीनंतरचा आहे. स्थानकांवर बाळाला दूध पाजणाऱ्या मातांसाठी हिरकणी कक्ष आले, ते योग्यच झाले. पण खोली बांधणे वेगळे आणि ती चोवीस तास उघडी, स्वच्छ, पाण्याची सोय असलेली ठेवणे वेगळे. हे काम तिथल्याच महिला बचत गटांना ठरावीक मानधन आणि उत्पन्नात वाटा देऊन सोपवता येईल. चादरी धुणे, स्वागतकक्ष आणि रात्रीची पाळी यांतून काही जणींना नियमित रोजगारही मिळेल. मुक्कामी गाड्यांवरच्या महिला वाहकांच्या विश्रांतीची मागणी जुनीच आहे. त्यांच्यासाठी याच दालनात काही कप्पे कायमचे राखून ठेवल्यास एकही रात्र दालन पूर्ण रिकामे राहणार नाही आणि प्रवासी महिलेला एसटीचा गणवेश घातलेली बाई तिथे नेहमी दिसेल.

पुढील स्पर्धा परीक्षांच्या आधी पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर या चार शहरांत, नव्या इमारतींची वाट न पाहता, स्थानकातील एखाद्या वापरात नसलेल्या दालनात वीस-पंचवीस कप्प्यांनी सुरुवात करावी आणि त्याची नोंदणी एसटीच्या तिकीट आरक्षणाबरोबरच करता यावी, अशी परिवहनमंत्र्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक प्रवासी वाचक, पुणे