फाटकाबाहेरचा पाहुणा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत खेड्यातला पाहुणचार कमी होत चालला असा लेख आला होता, तो वाचल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होती, आता हरभरा घरात आला अन् दुपारी थोडा वेळ भेटतो म्हणून लिहायला बसली. लेख चांगला होता पण त्यात सगळा पाहुणचार सोयऱ्याधायऱ्यांचाच होता, मला दुसऱ्या पाहुण्यांबद्दल सांगायचं आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, ख्रिस्ती कुटुंब, सात एकर शेती. आमच्या घरात भिंतीवर एक पाटी आहे, ती बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत दिसते, लग्नात कोणी ना कोणी प्रेझेंट देतेच. ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, प्रत्येक जेवणाच्या वेळचा न दिसणारा पाहुणा आहे अन् प्रत्येक बोलणं शांतपणे ऐकणारा आहे, असं त्यावर असते. मी लग्न होऊन आली तेव्हापासून ती पुसत आली, पण वाचली खऱ्या अर्थानं मागच्या वर्षी.

मागच्या फेब्रुवारीत आमच्याकडे बायांची प्रार्थना सभा होती. बारा-पंधरा बाया, पोहे, चहा, शेजारून आणलेल्या खुर्च्या, मी सकाळपासून घर आवरत होती. तेवढ्यात फाटकावर एक जोडपं आलं, मेळघाटातून हरभरा कापायला आलेलं, कडेवर लहान पोरगं, अन् पाणी मागितलं. मी फ्रिजमधली बाटली फाटकाच्या वरून दिली अन् आत निघून आली. आत या म्हटलं नाही, सपरीत बसा म्हटलं नाही, फाटकाची कडी सुद्धा काढली नाही. अन् आत येऊन त्या पाटीखाली बसून प्रीतीवरचं वचन वाचलं. संध्याकाळी ती बाई बाटली परत द्यायला आली, राखेनं घासून लख्ख केलेली, अन् सोबत पदरातून ओंजळभर हरभरा काढून दिला, मजुरीत भेटलेल्यातला. मला तिच्याकडे पाहवलं नाही. त्या दिवशी आमच्या फाटकावर पाहुणचार झाला पण तो तिनं केला.

माझी आजी असती तर हे झालंच नसतं. ती यवतमाळची. तिथं १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज, मग ते पुण्याला गेलं. यवतमाळला होतं तेव्हा तिथं नागालँड, केरळ कुठकुठून पोरं शिकायला यायची, घर हजारो किलोमीटर दूर, भाषा येत नाही, अन् रविवारी उपासना झाली की आजी त्यातल्या दोघा-तिघांना धरून घरी घेऊन यायची. काही खास करत नसे, वरण, भात, भाकर, अंबाडीची भाजी. एका पोराला ज्वारीची भाकर गिळता येईना तर तिनं ती दुधात कुस्करून दिली अन् तो ते जेवला. घरात आम्ही सहा भावंडं, आईची कुरकुर व्हायची, तेव्हा आजी म्हणायची, "एक भाकर जास्तीची थापतो मी, तेवढ्यानं ज्वारी सरते काय वं?"

बायबलमध्ये अब्राहामाची गोष्ट आहे, तो भर उन्हाचा तंबूच्या दारात बसला होता अन् तीन अनोळखी माणसं दिसली. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं सुद्धा दिसत नाही तसं ऊन डोळ्यासमोर आणा. तो धावत गेला, म्हणाला थोडं पाणी आणतो, पाय धुवा, झाडाखाली टेका, भाकरीचा तुकडा देतो, अन् मग आत जाऊन तीन मापं सपीठ मळायला लावलं, वासरू कापायला दिलं, दही-दूध आणलं अन् ते जेवेपर्यंत स्वतः झाडाखाली जवळ उभा राहिला. आपलं उलटं असते, बोलणं मोठं अन् ताट लहान.

पण इथं मला एक गोष्ट खटकते ती पण लिहितो. पीठ मळलं त्याच्या बायकोनं, सारेनं. आमच्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये पुरुष माणसं पाळकांना, पाहुण्यांना अगदी मोठ्या मनानं जेवायला बोलावतात, अन् घरी फोन करतात की पाचजण येत आहेत. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं कुरकुर न करता पाहुणचार करा असं लिहिलं ते काही फक्त बायांसाठी लिहिलं नाही, ज्यानं बोलावलं त्यानं कांदा चिरावा, भांडी घासावी, मग कुरकुर आपोआप कमी होते. आमच्या घरी आता मुलगा भांडी घासतो, पहिले पहिले तोंड वाकडं करायचा.

अन् दुसरं, पाहुणा होणं पण शिकलं पाहिजे. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या घरचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून शोमरोनी बाईची गोष्ट वाचली की मला नेहमी भरून येते. येशू विहिरीवर बसून तिला पाणी मागतो, ती चकित होते कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते. तो द्यायच्या आधी मागतो. आपण ख्रिस्ती लोक द्यायला पुढे असतो, पण पारध्याच्या बेड्यावर, कोरकूच्या झोपडीत बसून त्यांच्या हातचा चहा आपण किती वेळा पिलो?

काही लोक म्हणतात ख्रिस्ती जेवू घालतात ते धर्मात ओढायला. ज्यानं असं केलं असेल त्यानं पाहुणचार नाही, सौदा केला. येशूनं सांगितलं की जेवण केलं तर श्रीमंत शेजाऱ्यांना नाही, गरिबांना, लंगड्या-आंधळ्यांना बोलवा, कारण ते परतफेड करू शकत नाहीत. मग धर्म बदलणं ही पण एक परतफेडच झाली ना, ती मागायचीच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या, ज्यात आपलं नागपूर होतं, अन् उपाशी मुलींना आपल्या आश्रमात घेऊन गेल्या, शेकडो मुलींचं ते घर झालं. तेवढं आपल्याच्यानं होत नाही. पण सपरीत एक बाज टाकणं होते.

आम्ही तेवढंच केलं. माठ फाटकाच्या आत ठेवला, बाहेर नाही, म्हणजे पाणी प्यायचं तर माणसाला आत यावंच लागते. दिवसा कडी लावत नाही. बुधवारी भाकरी मोजून करत नाही, कोणी आलं तर आलं, नाही आलं तर गायीला.

यंदा ते जोडपं परत आलं, अकरा दिवस होते, रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे. तिसऱ्या दिवशी ती बाई सरळ स्वयंपाकघरात आली अन् माझ्या हातातलं पीठ घेऊन म्हणाली तुमची भाकर जाड होते ताई, द्या मी करतो. पोरगं आता चालायला लागलं आहे, सारखं गोठ्याकडे पळते.

आपली,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ