गृहमंत्री साहेब, कट्टा सापडला पण काडतूस कुठून आलं?

मा. गृहमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला. आमच्याकडे पेपरात एकच फोटो पुन्हा पुन्हा येतो, टेबलावर मांडलेले गावठी कट्टे, बाजूला जिवंत काडतुसं आणि मागे मान खाली घातलेली विशीतली पोरं. अनेर नदी ओलांडली की पार उमर्टी गाव, म्हणजे मध्य प्रदेश, बडवानी जिल्हा. तिथं कट्टे बनतात हे इथल्या शाळकरी पोरालाही माहितीये. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथं घुसून भट्ट्या तोडल्या तेव्हा खरंच बरं वाटलं. पण साहेब, भट्टी परत उभी करायला वेळ लागत नाही.

माझा प्रश्न काडतुसाचा आहे. कट्टा भट्टीवर बनतो, पण पितळी पुंगळीचं काडतूस तिथं बनत नाही, त्याला कारखाना लागतो. कितीतरी केसमध्ये काडतुसाच्या बुडावर 'केएफ ७.६५' असा शिक्का असतो, ७.६५ म्हणजे गोळीचं मिलिमीटरमधलं माप आणि केएफ म्हणजे आपल्या पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा माल लायसन्सवाल्या दुकानातून लायसन्सवाल्यालाच मिळायला पाहिजे, मग तो या पोरांच्या खिशात पोचला कसा, मध्ये कुणीतरी रजिस्टरात खोटी विक्री दाखवली असणारच ना? आणि शिक्काच बनावट असेल तर तो मारणारा कारखाना शोधा, ते तर अजून गंभीर आहे.

२०१९ ला शस्त्र कायदा कडक झाला, विनापरवाना हत्यार बनवणाऱ्याला कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप, विनापरवाना बाळगणाऱ्याला २ ते ५ वर्षं, एका लायसन्सवर ३ ऐवजी २ हत्यारं. चांगलंच झालं, पण लायसन्सवाल्याची हत्यारं कमी केल्यानं गावठीवाल्याचं काही अडत नाही. त्याचं अडेल ते गोळी मिळाली नाही तरच.

अजून एक, उमर्टीत कट्टे बनवणाऱ्यांत सिकलीगर समाजाचं नाव येतं, पण त्या समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवू नका. पिढ्यान्‌पिढ्या लोखंडात हात बसलेली माणसं आहेत ती, त्यांना वर्कशॉपमध्ये काम मिळावं म्हणून मध्य प्रदेश सरकारशी तुम्हीच बोला, दोन्हीकडचं सरकार एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही.

सध्या कट्टा जप्त, पोरगं आत, फाईल बंद. त्याऐवजी प्रत्येक केसमध्ये काडतूस कुठल्या दुकानातून निघालं इथपर्यंत तपास न्या, राज्यातल्या सगळ्या शस्त्रविक्रेत्यांची रजिस्टरं तपासा आणि किती जणांचं लायसन्स रद्द केलं ते येत्या अधिवेशनात सांगा.

आपला,
एक चोपडेकर