साठ रुपयांत एक हस्तलिखित : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सांस्कृतिक खाते, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मला एका शासकीय ग्रंथसंग्रहाचं उत्तर आलं. संग्रहाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या शिपायाने मला स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी खाऊ घातली आहे आणि त्या बिचाऱ्याची माझ्यापायी बदली व्हायला नको. उत्तर असं : 'सदर अरबी हस्तलिखित भारतीय ज्ञान परंपरेशी निगडित नसल्याने डिजिटायझेशनच्या प्राधान्यक्रमात त्याचा समावेश करता येणार नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

याच संग्रहाच्या साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं, 'सर, दिवाळीपर्यंत स्कॅन तुमच्या हातात देतो, शब्द आहे माझा.' दिवाळी गेली, होळी गेली, साहेब पदोन्नतीवर गेले आणि जाताना शब्दही सोबत घेऊन गेले.

मी मागितलं काय होतं? एका बाडातल्या मोजक्या पानांचे फोटो. सूचीत त्याची नोंद एका ओळीची आहे : 'भूमितीविषयक फुटकळ, अपूर्ण.' ते बाड मला थोडा वेळ, तेही उभ्याने, बघायला मिळालं. कडा वाळवीने खाल्लेल्या, एका आकृतीच्या बरोबर मधोमध संग्रहाचा जांभळा शिक्का, आणि फाटलेल्या जागी कुणा कर्तव्यदक्ष माणसाने चिकटवलेली सेलोटेप, जी आता मधासारखी पिवळी होऊन शाईसकट सुटत चालली आहे. आकृतीच्या बिंदूंना अक्षरं होती : अलिफ, बे, जीम, दाल, हे, आणि मग थेट झे. मधला वाव गायब. हे दिसल्यावर माझ्या हाताला घाम सुटला, मंत्रिमहोदय. प्रत्येक अरबी अक्षराला एक अंक ठरलेला असतो, त्या क्रमाने अक्षरं लावली की सहावा येतो वाव. ग्रीकांच्या नेहमीच्या वर्णमालेतून ते सहावं अक्षर फार पूर्वीच गळालेलं, म्हणून ग्रीक आकृतीवरून उतरवून घेणारा अरब लेखनिक पुष्कळदा तो गाळतो. म्हणजे ही भूमिती बगदादेत जन्मली नसून ग्रीकातून आलेली असण्याची दाट शक्यता आहे. कुणाची? ते वाचून ठरवायचं असतं. वाचायला फोटो लागतात. फोटोला प्राधान्यक्रम लागतो.

आता आपल्या अधिकाऱ्यांच्या माहितीसाठी थोडं लिहितो, कारण 'हरवलेलं ग्रीक गणित आपल्याकडे कसं सापडेल?' असं मला तिथे हसून विचारलं गेलं. अपोलोनियस या ग्रीक गणितीने शंकुच्छेदांवर, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवर, 8 पुस्तकं लिहिली. ग्रीकमध्ये उरली 4. पाचवं, सहावं, सातवं आज जगाला वाचता येतं ते फक्त अरबी भाषांतरामुळे, आठवं गेलं ते गेलंच. डायोफँटस या दुसऱ्या ग्रीक गणितीच्या 13 पुस्तकांपैकी ग्रीकमध्ये 6 उरली. आणखी 4 इराणात मशहदच्या दर्ग्याच्या ग्रंथालयात अरबीत निघाली, तीही अगदी परवापरवा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर ती पुस्तकं जळाली नव्हती, बुडाली नव्हती. फडताळात होती. उरलेली 3 कुठे आहेत, सांगा. मी सांगू? कुणाच्या तरी 'फुटकळ, अपूर्ण' मध्ये असायची.

आणि इराण तरी कशाला? पाटण्याला खुदाबख्श ग्रंथालय आहे. तिथे तेराव्या शतकात मोसुलला नकललेलं अरबी बाड आहे आणि त्यात एकमेकांना स्पर्श करणाऱ्या वर्तुळांवरचा आर्किमिडीजच्या नावावरचा ग्रंथ आहे. ग्रीकमध्ये त्याचा मागमूस नाही. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेने तो 1947 मध्ये छापला, पुढे जर्मनांनी त्याचं भाषांतर करून आर्किमिडीजच्या समग्र ग्रंथांत त्याला जागा दिली. ते सगळं पाटण्याच्या कागदावरून. आपल्या खात्याच्या किती भाषणांत हे आलं? मी तरी एकही ऐकलं नाही.

दुसरीकडे लोक काय करतात बघा. आर्किमिडीजची एक पोथी दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला नकलली गेली. 1229 मध्ये एका पाद्र्याने तिची शाई खरवडली, पानं कापून आडवी केली आणि वर प्रार्थना लिहिल्या. 1906 साली हायबर्ग नावाचा डॅनिश पंडित तिथे जाऊन भिंग लावून बसला आणि खालची पुसट अक्षरं वाचू लागला. त्यात निघाला 'पद्धती' हा ग्रंथ. आकृतीचे पातळ काप करून ते मनातल्या मनात तराजूत तोलायचे आणि क्षेत्रफळ काढायचं, ही युक्ती आर्किमिडीजने त्यात उघड करून सांगितली आहे. तेही एक पत्रच होतं बरं का, एराटोस्थेनिस या विद्वानाला लिहिलेलं. त्याने ते निकाली काढलं नाही.

पुढे ती पोथी गायब झाली. परत उगवली तेव्हा बुरशी लागलेली, आणि काही पानांवर विसाव्या शतकात कुणी भामट्याने जुनी भासावीत अशी सोनेरी चित्रं रंगवलेली. 1998 मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. ग्रीस सरकारनेही बोली लावली, पण 20 लाख डॉलरला ती एका निनावी धनिकाने घेतली. त्या माणसाने काय केलं? पोथी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात नेऊन ठेवली, दुरुस्तीचा खर्च उचलला, वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढवले. चित्रांखालची शाई दिसेना तेव्हा स्टॅनफर्डला क्ष-किरणांखाली धरली. शाईतलं लोखंड उजळलं आणि खोट्या चित्रांखालची खरी अक्षरं वर आली. आणि 2008 मध्ये सगळ्या प्रतिमा जगाला फुकट! अर्ज नाही, शिफारसपत्र नाही. खाजगी माणसाने स्वतःच्या मालकीची वस्तू जगापुढे उघडी केली, आणि इथे जनतेच्या मालकीची वस्तू जनतेपासून कुलुपात.

माझी कथा ऐका आता, कारण ऐकायला दुसरं कोणी उरलेलं नाही. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या मौलवीसाहेबांकडे अरबी शिकलो. धूमकेतूवाला हॅली पन्नाशीच्या घरात अपोलोनियससाठी अरबी शिकला होता, त्याची पाठ थोपटायला ऑक्सफर्ड होतं. माझ्या पाठीला फक्त मणक्याचा पट्टा आहे. बायको म्हणते, 'लोक या वयात चारधाम करतात, तुम्ही सरकारी व्हरांडे करता.' खरंच आहे. त्या व्हरांड्यातल्या मोडक्या बाकावर बसून माझा मोतीबिंदू पिकला. आधी म्हणाले, विद्यापीठाचं पत्र आणा. विद्यापीठ म्हणालं, निवृत्तांना पत्र देत नाही. मग राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मग संशोधनाचा 'सामाजिक उपयोग' लिहून द्या. आर्किमिडीजचा सामाजिक उपयोग! मी लिहून दिलं, 'तरंगणाऱ्या वस्तूंबाबत मार्गदर्शन.' तो अर्ज मात्र आवक-जावकमध्ये बुडाला. माहितीच्या अधिकारात विचारलं तर कळलं, प्रत दिल्यास बौद्धिक संपदेचा भंग होऊ शकतो. कुणाच्या बौद्धिक संपदेचा? लेखक मरून दोन हजार वर्षं झाली, नकलणारा मरून सात-आठशे. वारसदार पुढे आलेत का?

आणि तो 'भारतीय ज्ञान परंपरेशी निगडित नाही' हा शेरा. जयपूरचा राजा सवाई जयसिंह याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची 15 पुस्तकं अरबीवरून संस्कृतात आणली, 'रेखागणित' म्हणून. टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथही आणला. ते 'रेखागणित' 1901-02 मध्ये आपल्या मुंबईत सरकारी खर्चाने छापलं गेलं. परक्या सरकारच्या खर्चाने! राजाला कळत होतं, पंडिताला कळत होतं, इंग्रजालाही कळलं, की अरबी पोथीत ग्रीक भूमिती असते आणि ती संस्कृतात शोभते. कळत नाही ते फक्त आपल्या प्राधान्यक्रमाला. त्याच्या लेखी संस्कृत असेल तर आपलं, अरबी असेल तर वाळवीचं.

पैशाचं म्हणाल तर तेही बोलू. 2025 च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची आणि जतनाची ज्ञान भारतम् ही मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितं, त्या वर्षाची तरतूद साठ कोटी की काय ती. मी गणिताचा मास्तर, भागाकार आपोआप होतो. एका हस्तलिखितामागे साठ रुपये. आमच्याकडे त्यात दोन वडापाव आणि एक कटिंग येतं. या साठ रुपयांत सर्वेक्षण, नोंद, जतन, स्कॅन आणि उद्घाटनाचा हार, सगळं बसवायचं. त्यातला हार तेवढा वेळेवर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि नुसता आपल्या खात्यावरच राग का काढू? 2004 मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेत जमाव घुसला, पोथ्या जमिनीवर फेकल्या. तेव्हा सगळे हळहळले. अशा जमावाची निदान बातमी होते. सेलोटेप रोज थोडी थोडी शाई उचलते त्याची बातमी होत नाही. विद्यापीठांत अरबी, फारसी, ग्रीक शिकवणारी माणसं निवृत्त होतात आणि जागा गोठतात. मोडी वाचणारे शोधावे लागतात, मग अरबी भूमिती वाचणारा कुठून येणार? मुलांना सांगायचं, सगळं आपल्याकडे आधीच होतं. होतं ना! मग दाखवा. कपाट उघडा आणि दाखवा. पुतळा उभारायला जागा मिळते, समितीला मुदतवाढ मिळते, ट्युबलाइट बदलायला मात्र निविदा लागते. ज्या खोलीत ते बाड आहे तिथली ट्युब मी गेलो तेव्हा लुकलुकत होती.

मागण्या लिहायच्या राहूनच गेल्या. त्या पानांचे साध्या उजेडातले फोटो मला द्या, किंवा मला नको, कुणालाही द्या, पण खुले ठेवा. सेलोटेप काढायला जाणकार माणूस पाठवा, पावसाळ्याआधी. आणि अरबी-फारसी बाडांच्या सूचीत 'फुटकळ' लिहून मोकळं होण्याऐवजी प्रत्येक ग्रंथाची पहिली आणि शेवटची ओळ तरी उतरवून घ्या. त्याला साठ रुपये पुरतील.

आपला,
एक निवृत्त गणित प्राध्यापक

ता. क. अर्जाच्या तीन प्रती सोबत जोडल्या आहेत. या वेळी निकाली काढायचा असेल तर कारण तेवढं नवं द्यावं.