कागदावरची परवानगी

इर्व्हिंग, टेक्सास

प्रिय सुमे,

"आईच्या जिवाला धोका असेल तर तिथेही गर्भपाताला परवानगी आहेच ना, मग एवढा गदारोळ कशाचा?" असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुला ओपीडीतून हाक आली. तुझी भाची आता ह्यूस्टनला येतेय, बाळाचाही विचार चाललाय म्हणतेस, तेव्हा नीट लिहूनच कळवते.

परवानगी आहे, कागदावर. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे गर्भाचे ठोके लागले की गर्भपात बंद झाला, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यात. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तेव्हा, तुला काय सांगायचं! त्यात आणखी एक मेख: खटला सरकारने नाही, कुणाही सोम्यागोम्याने भरायचा. डॉक्टरवर, मदत करणाऱ्यावर. जिंकला तर किमान १०,००० डॉलर. पुढे २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला घटनेचं संरक्षण देणारा १९७३ चा 'रो' निकालच मोडीत काढला (तो खटलाही मूळचा आमच्या डॅलसचा, बरं का) आणि २५ ऑगस्टपासून टेक्सासात जवळजवळ पूर्ण बंदी आली. बलात्कार झाला असला तरी सूट नाही. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान १ लाख डॉलर दंड, वर परवाना जप्त. गर्भवतीला स्वतःला मात्र या कायद्याखाली शिक्षा नाही.

आता तुझा 'जिवाला धोका'. डिसेंबर २०२३ मधली केट कॉक्सची गोष्ट ऐक. डॅलसकडचीच, दोन मुलांची आई, विसावा आठवडा, गर्भाला ट्रायसोमी १८, म्हणजे बहुतेकदा जीवघेणा ठरणारा गुणसूत्रांचा दोष. आधीची दोन्ही सिझेरियन. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, तर राज्याचे ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य वकील) केन पॅक्स्टन यांनी ह्यूस्टनच्या हॉस्पिटलांना पत्रं धाडली की या आदेशाने तुमचं संरक्षण होणार नाही. प्रकरण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, डॉक्टरचा प्रामाणिक विश्वास पुरेसा नाही. वस्तुनिष्ठ निकषांवर टिकेल असा वैद्यकीय निर्णय हवा. निकाल येईपर्यंत ती बिचारी राज्याबाहेर पडली होती.

हे वाचताना मला तूच आठवत होतीस. आपला भारतातला १९७१ चा गर्भपाताचा कायदा उभाच आहे डॉक्टरच्या सद्भावनेने बनलेल्या मतावर. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं, चोविसाव्यापर्यंत काही ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं. तोही बाईचा हक्क म्हणत नाहीच, डॉक्टरचं मत म्हणतो, आणि त्याबद्दल आपण दोघी किती भांडलोय! पण सांगलीत तू निर्णय घेतेस तेव्हा शेजारी हॉस्पिटलचा वकील बसलेला नसतो. इथे असतो. पेशंट सेप्सिसकडे, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनण्याकडे झुकते आणि हॉस्पिटलवाले विचारतात, "आता पुरेशी आजारी झाली का?" माझ्या मते खरी बंदी या प्रश्नात आहे, कलमांत नाही.

जून २०२५ मध्ये थोडी सुधारणा झाली. धोका अगदी दाराशी येईपर्यंत थांबायची गरज नाही, असं आता स्पष्ट लिहिलंय. बरं झालं, पण शिक्षा तीच आहे, त्यामुळे डॉक्टरांची भीती लगेच जाईल असं मला वाटत नाही. एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ) आणि गर्भातच दगावलेलं बाळ काढणं हे कायद्याने गर्भपात धरत नाहीत, एवढं भाचीला सांगून ठेव.

आणि हो, तुझ्या सवयीने तिच्या बॅगेत मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट टाकू नकोस, नंतर पोस्टानेही पाठवू नकोस. डिसेंबर २०२५ पासून टेक्सासात अशा गोळ्या आणणाऱ्या-पाठवणाऱ्यांवरही कुणीही दावा लावू शकतं, किमान १ लाख डॉलरचा. वेळ आलीच तर न्यू मेक्सिको आहे, तिथे गर्भपात कायदेशीर आहे. पण विमान, हॉटेल, रजा हे ज्याला झेपतं त्याच्यासाठी.

तिने इथे डॉक्टर निवडताना पहिल्याच भेटीत विचारावं: अठराव्या आठवड्यात पाणी गेलं तर तुमचं हॉस्पिटल काय करतं? नव्या मुलीला असलं विचारायचा धीर होत नाही, तेव्हा तू आत्ताच तिच्याकडून दोनदा घोकून घे. तिचा नंबर पाठव, मी ह्यूस्टनपासून चार तासांवर आहे.

तुझी,
अनू