तिसरं मशीन घेण्याआधी

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

ऑर्डर वाढल्या म्हणून तिसरी सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारी लेथ, घ्यायचं तुझ्या मनात आहे. घे, पण कोटेशनवर सही करण्याआधी आहेत त्या दोन मशीनचे किती तास वाया जातात ते घड्याळ लावून मोज.

सुरुवात सेटिंगपासून, म्हणजे मशीन एका जॉबवरून दुसऱ्या जॉबवर लावण्यापासून कर. आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाला की घड्याळ सुरू, नव्या जॉबचा पहिला चांगला नग पास झाला की बंद. मोबाईल लावून एक अख्खं सेटिंग रेकॉर्ड कर आणि सेटरला शेजारी बसवून बघ, त्याच्या मागे नको. पाना शोधणं, इन्सर्टसाठी (टूलच्या कापणाऱ्या टोकासाठी) स्टोअरला चक्कर, सॉफ्ट जॉ (चक म्हणजे फिरती पकड, तिचे नग धरणारे मऊ जबडे) नव्याने बोअर करणं, पहिला नग क्वालिटीवाल्याकडे नेऊन वाट बघत उभं राहणं, हे सगळं त्यात दिसेल. यातलं जे काम मशीन चालू असताना होऊ शकतं, ते तेव्हाच उरकायचं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी सेटिंगची फोड केली ती याच रेषेवर.

सॉफ्ट जॉकडे नीट लक्ष दे. नेहमीच्या प्रत्येक जॉबचा वेगळा सेट ठेव, तिन्ही जॉवर १-२-३ नंबर ठोक आणि चकच्या कितव्या दातावर बसवले तेही जॉवरच लिही. पुढच्या वेळी त्याच जागी बसले की हलका कट मारला तरी भागतं. नंबर अदलाबदल झाले तर जॉब डगमगत फिरतो, आणि मग सगळे प्रोग्रॅमला दोष देत बसतात. पहिला नग तपासायची गेज ऑपरेटरच्या हाताशी असू दे.

दोन्ही मशीनवर रोज प्रत्येकी दोन सेटिंग होतात. एका सेटिंगमागे ४० मिनिटं वाचली, तर २५ दिवसांत ६६ तासांहून जास्त मिळतात, म्हणजे एका पाळीचे आठ दिवस. दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. सेटिंग लांबलं की ऑर्डर ८०० ची असली तरी 'लावलंय तर काढून ठेवू' म्हणून २००० नग निघतात. मग ड्रॉइंग बदलतं, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो, आणि उरलेले १२०० भंगारात जातात. टोयोटाचे ताइची ओनो गरजेपेक्षा जास्त माल काढण्याला सगळ्यांत वाईट नासाडी म्हणत, ते यासाठीच.

आता कॉम्प्रेसर. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेव, पण हवेची लाईन उघडी राहू दे आणि कॉम्प्रेसर चालू कर. लोडवर (हवा भरत) किती वेळ राहतो आणि अनलोड (हवा न भरता) किती वेळ, ते पाच वेळा लिही. लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेतीन मिनिटं आलं, तर ३० टक्के हवा नुसती गळतेय. दहा टक्क्यांच्या वर गेलं की गळतीचा शोध सुरू करायचा. ७ बार प्रेशरला ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण २३ सीएफएम (मिनिटाला २३ घनफूट) हवा खातं. त्यामागे साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज जाते. दोन पाळ्या, ३०० दिवस धरले तर वर्षाला १६,८०० युनिट होतात.

ब्रशने साबणाचं पाणी लाव. एफआरएलची (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरची) वाटी, ड्रेन व्हॉल्व्ह, एअर गन आणि पुश फिटिंग (पाइप नुसता दाबून बसवायचे जोड) आधी बघ. पीयू (पॉलियुरेथेन) पाइप ब्लेडने तिरका कापला की फिटिंगमधली ओ-रिंग चिरते, म्हणून दहा-वीस रुपयांचं फिटिंग बदलताना पाइपही कटरने काटकोनात काप. गळती थांबल्यावर प्रेशर उतरव. ८ बारची सवय असते, पण मशीनला बहुतेक वेळा ६ पुरतं. एक बार कमी केला की वीज सहा-सात टक्के वाचते. एकदम नको, रोज ०.२ बारने उतरव. लाईनच्या टोकाच्या मशीनने लो एअरचा अलार्म दिला की एक पायरी मागे ये.

आता कच्चा माल. धातूच्या बारचा, म्हणजे सळीचा, हिशेब सोपा आहे. ४२ मिलिमीटर लांबीचा नग, ३ चं पार्टिंग (नग कापून वेगळा करताना जाणारी जाडी), १ फेसिंगला (टोक सपाट करायला): म्हणजे ४६. चकमध्ये ८० अडकतात, तेव्हा ३ मीटरच्या बारमधून ६३ नग. पार्टिंग २ मिलिमीटरचं केलंस तर ६४. वीस मिलिमीटर व्यासाला ते चालतं, मात्र टूल कमीत कमी बाहेर काढ आणि सेंटर हाइट (टूलचं टोक बारच्या मध्याच्या उंचीवर) अचूक ठेव, नाहीतर मोडेल.

चिप्स धातूनुसार वेगळ्या ठेव आणि रात्रभर जाळीवर निथळू दे. कूलंट परत मिळतं आणि भंगारवाला ओलाव्यापोटी वजन कापत नाही.

रिजेक्शनचा लाल डबा मशीनजवळ ठेव, पण त्यावरून कोणाला रागावू नकोस. रागावलीस की खराब नग चिप्सच्या ढिगाखाली जातात आणि तुला खरा आकडा कधीच कळत नाही.

या रविवारचं लोड-अनलोडचं टिपण मला फोटो काढून पाठव.

तुझी,
आई